काम सोपवताना काय सोपवायचे?

पालघर जिल्ह्यातले तारापूर आणि तिथून उत्तरेला, गुजरातच्या हद्दीत असलेले उंबरगाव ही कापड विणणाऱ्या कारखान्यांची दोन मोठी ठाणी. 2008 साली अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 17 कंपन्यांच्या 28 कारखान्यांत एक प्रयोग हाती घेतला. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचे सल्लागार महिनोन्‌महिने फुकट पुरवायचे, बाकीच्यांना तशी मदत द्यायची नाही आणि फरक काय पडतो ते मोजायचे. मागांची देखभाल, सुताच्या साठ्याचा हिशेब, विणीतल्या दोषांची रोजची नोंद असल्या साध्या गोष्टी मार्गी लागल्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास गाजला तो या आकड्यामुळे. मला मात्र त्यातले दुसरे निरीक्षण जास्त अस्वस्थ करते. कंपनी किती मोठी झाली आहे याचा संबंध तिचा कारभार किती चांगला आहे यापेक्षा मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत याच्याशी अधिक होता. एक कारखाना थोरला भाऊ बघणार, दुसरा धाकटा, पोरगा हाताशी आला की तिसरा काढायचा. घरातली पुरुषमाणसे संपली की वाढ थांबली. बाहेरच्या व्यवस्थापकाला पगार द्यायची तयारी होती, निर्णय द्यायची नव्हती. घरातल्या लेकी-सुनांचा तर या मोजणीत हिशेबच नव्हता.

सहकाऱ्यांवर काम सोपवायला शिकणे हा विषय एरवी स्वभावाचा किंवा वेळेच्या नियोजनाचा म्हणून मांडला जातो. दोन दिवसांच्या कार्यशाळेत साहेबांना ‘थोडे सोडायला शिका’ असे सांगितले जाते आणि तिसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होते. तारापूरचे कारखाने दाखवतात की या न सोडण्यापायी आख्ख्या उद्योगाची वाढ खुंटू शकते. म्हणून या प्रश्नाकडे नीट, सगळ्या बाजूंनी पाहायला हवे.

आधी काम सोपवणे म्हणजे नेमके काय, ते ठरवू. फ्रेंच खाण अभियंते आणि उद्योगप्रमुख आंरी फेयोल यांनी 1916 मध्ये कारभाराची 14 तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक म्हणजे अधिकार आणि जबाबदारी यांची जोडी फोडता येत नाही. ज्याला जबाब द्यायचा आहे त्याला हुकूम देण्याचाही हक्क हवा. शंभरहून अधिक वर्षे हे वाक्य व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे आणि बहुतेक कार्यालयांत ते रोज मोडले जाते. आपण सोपवतो ती मेहनत. तक्ता बनवायचा, फोन करायचे, माणसे जमवायची, मसुदा तयार करायचा, हे सगळे सहकाऱ्याकडे. त्या मसुद्यात काय असावे, कोणाला किती भाव द्यावा, कोणती तारीख कबूल करावी, हे मात्र ‘मला विचारून’. मग चूक झाली की ती सहकाऱ्याची आणि काम जमले की ते विभागाचे. याला सोपवणे म्हणता येणार नाही. हे काम लावणे झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की सोपवायचा असतो तो निर्णय. मेहनत त्याच्यामागून आपोआप जाते.

माणसे निर्णय का सोडत नाहीत याची कारणे अनेक आहेत आणि सगळीच काही वाईट नाहीत.

पहिले कारण सगळ्यांच्या तोंडी असते: ‘समजावून सांगण्यापेक्षा मी केले तर लवकर होते.’ हे खरे आहे, पण पहिल्या खेपेपुरतेच. दर महिन्याला येणारा अहवाल करायला साहेबांना दोन तास लागत असतील आणि तोच शिकवायला सहा तास, तर चौथ्या महिन्यापासून त्यांचे दोन तास मोकळे होतात. हिशेब इतका सोपा असूनही तो कोणी मांडत नाही, कारण शिकवण्याचे सहा तास आजच्या दिवसातून काढावे लागतात आणि मोकळे होणारे तास नंतर, थोडे थोडे मिळतात. शिवाय महिनाअखेरीच्या गर्दीत आपण सोपवायला बसतो, म्हणजे शिकवायला सवड नसते नेमक्या त्या वेळी.

दुसरे कारण जास्त खोल आहे. जेफ्री फेफर, रॉबर्ट चाल्डीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका जाहिरातीचा मसुदा दाखवून तो कसा वाटतो ते विचारले. मसुदा तोच होता. पण तो आपल्या देखरेखीखाली तयार झाला आहे अशी ज्यांची समजूत करून दिली होती, त्यांना तो जास्त चांगला वाटला. आपला हात लागला की काम सुधारते, हा समज अनुभवातूनच आलेला असतो असे नाही. तो नुसता समजही असतो. मसुद्यावर लाल शाईने ‘तथापि’च्या जागी ‘परंतु’ करणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

तिसरे कारण बढतीच्या रीतीत दडलेले आहे. पुण्याच्या हिंजवडीत किंवा खराडीत जो उत्तम कोड लिहितो त्याला टीम लीड करतात. शाळेत जो उत्तम शिकवतो तो मुख्याध्यापक होतो, बँकेत जो कर्जाचे प्रस्ताव चोख तपासतो तो शाखा सांभाळायला जातो. ज्या कामामुळे आजवर मान मिळाला तेच काम सोडा, असे या माणसाला एका सकाळी सांगितले जाते, आणि त्याच्या जागी काय करायचे ते कोणी शिकवत नाही. संध्याकाळी घरी जाताना त्याला ‘आज मी काय केले?’ याचे उत्तर सापडत नाही. मग तो रात्री लॅपटॉप उघडतो आणि हाताखालच्या मुलीने लिहिलेला कोड स्वतः पुन्हा लिहून काढतो. सकाळी तिला कळते की आपले काम बदलले गेले आहे. का, ते कळत नाही. पुढच्या वेळी ती कमी मन लावून लिहिते आणि त्याला वाटते, आपला संशय खराच होता.

चौथे कारण म्हणजे अविश्वास, आणि इथे व्यक्तीला बोल लावून भागत नाही. ब्लूम, रफाएला सदून आणि जॉन व्हॅन रीनन यांनी अमेरिका, युरोप आणि आशियातल्या जवळपास 4,000 कंपन्यांची माहिती जमवून 2012 मध्ये दाखवले की ज्या प्रदेशांत लोकांचा एकमेकांवर विश्वास जास्त असतो, तिथल्या कंपन्यांत कारखान्यावरच्या व्यवस्थापकाला जास्त निर्णय दिलेले असतात. कायद्याचा अंमल चांगला असेल तिथेही तसेच. तारापूरच्या मालकाला सूत चोरीला जाण्याची भीती होती. चोरी पकडली तरी कोर्टात निकाल कधी लागणार हे त्याला माहीत होते. अशा माणसाला ‘विश्वास ठेवा’ म्हणून काय उपयोग? पण तारापूरच्या अभ्यासात पुढे जे घडले ते बोलके आहे. रोजच्या उत्पादनाच्या, साठ्याच्या, दोषांच्या नोंदी नियमित येऊ लागल्यावर मालकांनी आपण होऊन कारखान्यावरच्या लोकांना जास्त निर्णय दिले. आधी नोंदवही आली, मग विश्वास आला. हा क्रम सोपवण्याच्या सगळ्या चर्चेत मला सर्वांत मोलाचा वाटतो. सहकाऱ्याच्या डोक्यावर उभे न राहता काय चालले आहे ते कळण्याची सोय असेल, तर भित्रा माणूसही सोडायला तयार होतो.

ब्लूम आणि मंडळी सुमारे नऊ वर्षांनी त्याच कारखान्यांत परत गेली. लावून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या तोवर सुटल्या होत्या, तरी मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते. पद्धती सुटण्याची जी कारणे निघाली त्यांत व्यवस्थापक बदलणे आणि मालक-संचालकांना लक्ष द्यायला सवड नसणे ही ठळक होती. एका माणसाला शिकवले आणि तो गेला, की सोपवलेले काम पुन्हा वर येते. म्हणून दोघांना शिकवावे लागते, आणि लिहूनही ठेवावे लागते.

आता नाण्याची दुसरी बाजू. प्रत्येक वेळी साहेबच काम अडवून धरतात असे नाही. कित्येकदा खालूनच ते वर सरकवले जाते. विल्यम ऑन्कन आणि डोनाल्ड वॉस यांनी 1974 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लिहिलेला माकडांचा लेख आजही वाचला जातो तो याच कारणासाठी. प्रत्येक अडचण म्हणजे एक माकड, आणि ते कोणाच्या खांद्यावर बसले आहे ते पाहा, असे ते सांगतात. आपल्याकडचा प्रसंग असा असतो. जिन्यात गाठ पडते. ‘सर, नाशिकचा तो व्हेंडर ऐकतच नाहीये. काय करू?’ साहेब घाईत असतात. ‘मेल फॉरवर्ड कर, बघतो मी.’ या अर्ध्या मिनिटात काम साहेबांकडे गेले. दोन दिवसांनी सहकारीच विचारतो, ‘सर, त्या व्हेंडरचं बघितलंत का?’ आता देखरेख कोण कोणावर करतो आहे? साहेबांनी ‘बघतो’ऐवजी ‘तुला काय करावंसं वाटतं? दोन मार्ग लिहून आण, चारला बोलू’ एवढे म्हटले असते तरी काम जागच्या जागी राहिले असते. विचारणाऱ्याला आळशी ठरवण्याची घाई मात्र करू नये. ज्या कार्यालयात स्वतः निर्णय घेणाऱ्याला चारचौघांत झापले जाते, तिथे शहाणी माणसे विचारूनच पाऊल टाकतात.

सरकारी कार्यालयांत हीच भीती नियमांचे रूप घेऊन येते. तिथे अधिकार सोपवण्याची चौकट कागदावर चांगली आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 खाली राज्याच्या कारभाराची नियमावली होते आणि मंत्र्यांमध्ये कामाचे वाटप होते. कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने किती खर्च मंजूर करावा हे सांगायला वित्तीय अधिकार नियम पुस्तिका 1978 आहे. तरीही ज्या बाबीचा अधिकार कक्ष अधिकाऱ्याला आहे तिची फाइल उपसचिवांकडे जाते, तिथून सहसचिवांकडे, आणि प्रत्येक टेबलावर ‘मान्यतेस्तव सादर’ हा शेरा वाढतो. याला कामचुकारपणा म्हणणे सोपे आहे. पण लेखापरीक्षणाचा आक्षेप आला, चौकशी लागली, तर सही केलेल्या माणसाला एकट्याने तोंड द्यावे लागते. चार सह्या असल्या की तो एकटा नसतो. आणि निर्णय लांबला म्हणून कोणाची चौकशी लागल्याचे फारसे ऐकू येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 ने हे पारडे थोडे फिरवले. दाखला देण्याची जबाबदारी एका पदनिर्देशित अधिकाऱ्यावर ठेवली, मुदत ठरवली, वर दोन अपिले आणि आयोग दिला, विनाकारण उशीर केल्यास 500 ते 5,000 रुपये शास्तीची तरतूद केली. निर्णय खाली, दाद मागण्याची सोय वर. ही रचना खासगी कार्यालयांनीही अभ्यासावी अशी आहे.

आपल्या इतिहासात निर्णय सोपवण्याचा एक मोठा प्रसंग आहे. 1689 मध्ये छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा स्वराज्याच्या मूळ मुलखाचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर टाकून गेले. त्यांना हुकूमतपन्हा हा किताब आणि छत्रपतींच्या वतीने निर्णय करण्याची मुखत्यारी दिली. जिंजी शेकडो कोस दूर, वाटेत मोगली फौजा. विचारून करू म्हटले असते तर विचारायची सोयच नव्हती. रामचंद्रपंत, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी जागेवर निर्णय घेऊन मुलूख लढवत ठेवला. सोपवण्याची किंमतही त्याच काळात दिसते. माणसे टिकवण्यासाठी वतने द्यावी लागली आणि वतनदारांचा जोर पुढे केंद्राला जड गेला. अधिकार दिला की त्याला स्वतःची गती येते. ती ओळखूनच तो द्यायचा असतो.

तरी सोपवण्याचे सर्वांत पूर्ण, सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण माझ्या मते गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता नवजात बाळांच्या मृत्यूंचा. बाळे घरी जन्मत होती. दवाखाना दूर, आणि बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडायची नाही. डॉक्टरांना प्रत्येक खोपटात पोहोचणे शक्य नव्हते. तेव्हा गावातल्याच, काही इयत्ता शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळ गुदमरले तर श्वास कसा द्यायचा, वजन कसे करायचे, ऊब कशी राखायची, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखायची हे शिकवले. आणि ठरलेली लक्षणे दिसली व घरच्यांची संमती असली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचा अधिकारही दिला. डॉक्टरी पेशाच्या दृष्टीने ही मोठीच उडी होती. 39 गावांत हे काम केले, 47 गावे तुलनेसाठी ठेवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले.

हा आकडा सर्वांना ठाऊक असतो. त्यामागची कारागिरी कमी लोक पाहतात. त्याआधी याच संस्थेने लहान मुलांच्या न्युमोनियावर काम केले होते. बाळाचे श्वास मिनिटाला किती पडतात हे मोजल्यावर न्युमोनिया ओळखता येतो. पण गावच्या सुइणींना पन्नासपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. सुईण अडाणी म्हणून तिला वगळावे, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. बंगांनी उपकरण बदलले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्युमोनिया. मोठा आकडा मोजण्याची गरजच उरली नाही आणि निदानाचा निर्णय सुइणीच्या हाती आला. ‘आमच्या माणसांना जमणार नाही’ असे जेव्हा जेव्हा म्हटले जाते तेव्हा हे मणी आठवावेत. न जमण्याचे कारण माणसात आहे की आपण दिलेल्या साधनात, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही. सोपवण्यासाठी काम नव्याने बांधावे लागते. डॉक्टर जसे करतो तसेच ते उचलून दुसऱ्याला देता येत नाही. त्याआधी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हाच मार्ग धरला होता. निरक्षर ग्रामीण स्त्रियांनी तिथे गावाच्या आरोग्याची सूत्रे हाती घेतली.

याच कथेची उत्तरपीठिका मात्र सावध करणारी आहे. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे देशभर आशा सेविकांच्या कामात आली. त्यांच्याकडे सर्वेक्षणे आली, नोंदी आल्या, साथीच्या काळात घरोघर फिरणे आले. दर्जा मात्र ‘स्वयंसेविका’ असाच राहिला आणि मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना पुन्हा पुन्हा संप करावे लागले. काम वाढत जाते आणि त्याबरोबर पैसा, हुद्दा, बोलण्याची जागा वाढत नाही, तेव्हा सोपवणे आणि लादणे यांच्यातली रेघ ओलांडलेली असते.

ही रेघ आपल्या कार्यालयांतही रोज ओलांडली जाते, आणि कोणाच्या बाबतीत ओलांडली जाते तेही ठरलेले असते. बैठकीचे टिपण घेणे, वर्धापनदिनाची सजावट, नव्या माणसाला जागा दाखवणे, पाहुण्यांच्या जेवणाची ऑर्डर ही कामे ‘मॅडम, तुम्ही बघाल ना?’ म्हणून बायकांकडे जातात. लिंडा बॅबकॉक, लिसे व्हेस्टरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रयोगांतून दाखवले की ज्या कामातून बढती मिळत नाही ते करायला स्त्रियांना अधिक वेळा सांगितले जाते, आणि त्या होकारही अधिक देतात. दुसरीकडे, 2018 मधल्या एका अभ्यासात मोडुपे अकिनोला आणि सहकाऱ्यांना आढळले की स्त्रिया स्वतः दुसऱ्यांवर काम सोपवायला जास्त कचरतात, सोपवले तर त्यांना अपराधी वाटते. घरी सगळ्यांचे करायची सवय लावलेल्या मुलीला कार्यालयात एकाएकी ‘हे तू कर’ म्हणणे जड जाणारच. विभागप्रमुखाने आपल्या माणसांची यादी समोर घ्यावी आणि गेल्या सहा महिन्यांत कोणाला कोणते काम दिले ते लिहून काढावे. नावापुढे फक्त सजावट आणि टिपणे असतील तर तो अन्याय आहे. एकाच भरवशाच्या माणसाच्या नावापुढे सगळीच अवघड कामे असतील तर तोही, कारण कामसू असण्याची त्याला शिक्षा मिळते आहे आणि बाकीच्यांची शिकण्याची संधी जाते आहे.

मग सोपवावे कसे? इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी 1983 च्या आपल्या पुस्तकात एक उपयोगी भेद केला आहे. माणूस अनुभवी आहे की नाही, असे विचारू नये. या विशिष्ट कामात तो अनुभवी आहे का, हे विचारावे. वीस वर्षे वसुली केलेला अधिकारी नवीन संगणकप्रणाली बसवण्याच्या कामात नवखाच असतो. त्याला पहिल्यांदा बारकाईने सांगावे लागते, रोज विचारावे लागते, आणि त्यात त्याचा अपमान नाही. तोच माणूस वसुलीत असेल तर रोज विचारणे हा अपमान आहे. सोपवून पाठ फिरवणे आणि सोपवून मानेवर बसणे या दोन टोकांच्या मधली जागा कामागणिक बदलते. ती दोघांनी मिळून आधी बोलून ठरवावी, हे मात्र बदलत नाही.

ते बोलणे अगदी साध्या शब्दांत होऊ शकते. ‘माहिती तू आण, ठरवतो मी.’ ‘तू सुचव, मग बोलू.’ ‘तू ठरव, करण्याआधी कानावर घाल.’ ‘तू करून टाक, शुक्रवारी सांग.’ या चार वाक्यांतले आज कोणते लागू आहे हे सहकाऱ्याला कळले पाहिजे. निम्मी भांडणे इथेच होतात. देणाऱ्याच्या मनात दुसरे वाक्य असते, घेणाऱ्याला चौथे ऐकू येते. त्याबरोबर खर्चाची मर्यादा सांगावी, कोणाकोणाशी परस्पर बोलायची मुभा आहे ते सांगावे, आणि त्या सगळ्यांनाही कळवावे की यापुढे हे काम ती सहकारी बघणार आहे. हे शेवटचे हमखास राहून जाते. मग पुरवठादार तिला वळसा घालून थेट साहेबांना फोन करतो, साहेब बोलतात, आणि सोपवलेला अधिकार त्या एका फोनमध्ये परत जातो. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘कोणीतरी हे बघा’ असे टाकणे तर सोपवणे नव्हेच. कोणीतरी म्हणजे कोणीच नाही, किंवा नेहमीचा तोच एक.

तपासणीविषयीही ग्रोव्ह यांचा सल्ला पटण्यासारखा आहे: काम पूर्ण होईपर्यंत थांबू नका, कच्चा मसुदाच पाहा. सुरुवातीची चूक सुधारायला दहा मिनिटे लागतात आणि सहकाऱ्याचे मनही मोडत नाही. शेवटच्या रात्री सगळे उलथवले तर काम जाते आणि माणूसही जातो. सुधारायचे ते त्याच्याकडूनच सुधारून घ्यावे. आपण गुपचूप केलेली दुरुस्ती कोणाला काही शिकवत नाही.

अधिकार देणे म्हणजे प्रसंगी आपल्यालाही अडवण्याचा अधिकार देणे. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शिरेत नळी घालताना होणारा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली, तेव्हा डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवण्याची मुभा परिचारिकांना दिली. रुग्णालयाचे प्रशासन त्यांच्या पाठीशी उभे राहिले म्हणूनच ते चालले. मानाच्या उतरंडीत मुरलेल्या आपल्या कार्यालयांत ‘सर, हे नियमात बसत नाही’ असे कनिष्ठाने म्हणायचे आणि सरांनी थांबायचे, याची सवय मुद्दाम लावावी लागेल.

मोठ्या कामात हे सगळे एकत्र कसे येते ते कोकण रेल्वेने दाखवले. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. सह्याद्रीचे बोगदे, दऱ्यांवरचे पूल, दरडी, जमीन संपादन, सगळे त्यात होते. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग सात विभागांत वाटला: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येक विभागाला आपला मुख्य अभियंता, आणि बोगद्यात पाणी फुटले तर काय करायचे हे ठरवायला तो जागेवर हजर. आखणी आणि मुदत वर ठरली, रोजचे निर्णय त्या त्या डोंगरात झाले.

काही गोष्टी सोपवू नयेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. एखाद्याला कामावरून कमी करायचे असेल तर ते ज्याने ठरवले त्यानेच समोर बसून सांगावे. वार्षिक मूल्यमापन, कोणाची तक्रार ऐकणे, संस्थेच्या वतीने माफी मागणे ही कामे हाताखालच्यावर ढकलणे हा भ्याडपणा आहे. आणि अपयशाचे उत्तर तर कधीच सोपवता येत नाही. ऑगस्ट 1979 मध्ये एसएलव्ही-3 चे पहिले उड्डाण फसले तेव्हा प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांपुढे इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि त्यांनी अपयश स्वतःकडे घेतले. जुलै 1980 मध्ये उड्डाण साधले तेव्हा पत्रकारांपुढे जायला त्यांनी कलामांना सांगितले. ही हकिगत कलामांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे आणि ती सांगून झिजली असली तरी तिचा अर्थ झिजलेला नाही. निर्णय खाली देता येतो. पाठीशी उभे राहण्याचे काम वरच राहते. फेयोलच्या तत्त्वाला एवढी पुरवणी जोडावीच लागते.

हे सगळे एकट्या व्यवस्थापकाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. बहुतेक संस्थांच्या वार्षिक मूल्यमापनात माणसाने स्वतः काय केले हे विचारतात. त्याच्या हाताखाली या वर्षी कोण काय नवीन करू लागले, कोणते निर्णय आता त्याला न विचारता होतात, तो पंधरा दिवस रजेवर गेला तर काय अडते, हे विचारत नाहीत. जे विचारले जात नाही ते कोणी करत नाही. तेव्हा ज्यांच्या हाती हे अर्ज ठरवण्याचा अधिकार आहे त्यांना विनंती आहे की येत्या एप्रिलपासून त्यात हा एक रकाना घाला आणि बढती देताना तो वाचा. ज्यांच्या हाती तेवढा अधिकार नाही, त्यांनी आपल्या टेबलावरचा एक निर्णय निवडावा, तो कोणाला द्यायचा ते ठरवावे, आणि या आठवड्यात ते त्या माणसाला आणि बाकी सगळ्यांना सांगून टाकावे.